संकराची विद्या : डॉ. जानकी अम्माळ



बँकेत पीककर्जाचे कागद हाताळताना उसाच्या वाणांची नावे आमच्या कानावर पडतात. वडीलधारे को ७४० सांगत, आता को ८६०३२. यातला ‘को’ म्हणजे कोइमतूर. तेथे १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र निघाले.

ऊस आपण बेण्याने लावतो. दोन डोळ्यांची टिपरी मातीत गेली की तोच ऊस पुन्हा उगवतो. नवा वाण काढायचा तर तुरा येऊन बी धरावे लागते, आणि कोइमतूरच्या हवेत तुरा चांगला येतो. बार्बर आणि वेंकटरामन यांनी तेथे बाहेरच्या जाड, गोड उसाचा आपल्याकडच्या रानटी उसाशी संकर केला. गोडी एकाची, काटकपणा दुसऱ्याचा. त्यातूनच १९१८ मध्ये को २०५ आला. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटून फेकतो, त्याच्याच रक्ताने शेतातला ऊस तगला.

या केंद्रात १९३४ मध्ये डॉ. जानकी अम्माळ आल्या. जन्म ४ नोव्हेंबर १८९७, केरळातील तलश्शेरी. जात थिय्या, म्हणजे मलबारात खालची मानलेली. वडील न्यायखात्यात होते, त्यामुळे शिक्षणाची वाट मोकळी होती, हे सांगितलेच पाहिजे. पण बहिणी लग्न करून संसाराला लागल्या आणि या मद्रासला वनस्पतिशास्त्र शिकल्या. पुढे बार्बर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टर झाल्या. (शिष्यवृत्तीचे बार्बर निराळे, उसाचे निराळे.)

कोइमतूरला त्यांचे काम होते पेशीतील गुणसूत्रे मोजण्याचे. आम्ही कला शाखेचे. गुणसूत्र म्हटले की धडकी भरते. पण गोष्ट खतावणीची आहे. जाड उसात ८० गुणसूत्रे, कोइमतूरच्या रानटी जातीत ६४. संकर केला की आईकडची सगळीच्या सगळी ८० उतरतात आणि बापाकडची निम्मी, ३२. बेरीज ११२. असा हिशेब हाती असला म्हणजे कोणाशी कोणाचे जुळेल याचा अंदाज बांधता येतो. जानकीबाईंनी उसाचा संकर मका, ज्वारी, एवढेच काय बांबूशीही करून पाहिला.

येथल्या धर्मशास्त्रांनी वर्णसंकर हे महापाप ठरविले. कोइमतूरच्या केंद्राचा तर धंदाच संकराचा! पण तिथल्या पुरुष सहकाऱ्यांना मागास म्हटलेल्या जातीची, अविवाहित, एकटी बाई शेजारी चालत नव्हती, असे त्यांच्या चरित्राचे अभ्यासक सांगतात. रोपांची जात दिवसभर मोडायची आणि माणसांची जपायची, हे या शिकलेल्या मंडळींना खटकले कसे नाही, हा आमचा प्रश्न आहे.

१९३९ मध्ये त्या एडिंबरोला आनुवंशशास्त्राच्या परिषदेस गेल्या. तेवढ्यात महायुद्ध भडकले आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. बॉम्ब पडत असतानाही काम थांबले नाही. डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. हजारो वनस्पतींची नोंद, आणि मुखपृष्ठावर दोघांची नावे. विस्ली येथील बागेत त्यांनी कोल्चिसिन हे औषध वापरून मॅग्नोलियाची गुणसूत्रे दुप्पट केली. त्यातील एका मॅग्नोलियाला त्यांचेच नाव आहे.

पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या १९५१ मध्ये परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याची फेररचना त्यांच्याकडे आली. १९५५ मध्ये प्रिन्स्टनला पृथ्वीवरील माणसाच्या करणीसंबंधी मोठी परिषद भरली. निमंत्रितांत बाई एकच, त्या या. पद्मश्री मिळाली १९७७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

विद्यार्थिनींनी पुढचे विशेष ध्यानात घ्यावे. त्या वयात बाईंनी विश्रांती घेतली नाही. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाणार होते. त्याला विरोध करणाऱ्यांत त्या होत्या, आणि नुसत्या सह्या करून न थांबता तिथल्या झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी त्यांनी हाती घेतली. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्या वारल्या. धरण रद्द झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.