अकरावीच्या वर्गातील समाजशास्त्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते ते गणिताचे, बोलणारा मी भाषेचा, आणि विषय घेतला आहे समाजशास्त्राचा. हा अनधिकार प्रवेश आहे, हे मी जाणतो. परंतु या विषयाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे आणि ती सांगावयास शाळेहून योग्य जागा मला दिसत नाही.

पंचवीसएक वर्षांपूर्वी परिचयातील एक मुलगी दहावीला उत्तम गुण मिळवून माझ्याकडे सल्ल्याला आली. तिला अकरावीत समाजशास्त्र घ्यावयाचे होते. मी हसून म्हणालो, "अगं, त्यात शिकण्यासारखं काय आहे? परीक्षेआधी पंधरा दिवस गाइड वाचलं की झालं. तू कॉमर्सला जा." ती गेली, पुढे नोकरीही चांगली लागली. अलीकडे भेटली तेव्हा मी सहज विचारले, त्या वेळी तो विषय का हवा होता? ती म्हणाली, "सर, माझी आत्या नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली होती. सगळं घर तीच सांभाळायची. पण हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहायची. हे असं का, हे मला कुणाला तरी विचारायचं होतं." मी निरुत्तर झालो. पंधरा दिवसांच्या गाइडात त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते हे खरे; पण त्या विषयात ते होते.

हा विषय उरल्यासुरल्यांचा, अशी समजूत आपल्या शहरात आजही आहे. त्यात दोष केवळ पालकांचा नाही. मॅकायव्हरची व्याख्या पाठ करावयाची, लोकरूढी आणि लोकनीती यांतील भेद चार मुद्द्यांत लिहावयाचा, अशा रीतीने शिकविल्यावर कोणता विषय रुक्ष होणार नाही?

आणि हे वडोदऱ्यात व्हावे, याचे मला अधिक वाईट वाटते. आपल्या विद्यापीठाच्या घुमटाखाली १९५१ पासून १९५९ पर्यंत एम. एन. श्रीनिवास समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा कूर्गविषयीचा ग्रंथ १९५२ साली निघाला, तोही याच काळात. खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांचे आचारविचार उचलून आपली पायरी बदलू पाहतात, या प्रक्रियेला त्यांनी दिलेले संस्कृतीकरण हे नाव आज बारावीच्या पुस्तकात आहे. ते नाव पाठ करणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे की, त्याचा कर्ता आपल्याच रस्त्यांवरून चालत असे?

त्याही आधीची गोष्ट सांगतो. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करणे हेच जातिसंस्थेचे मर्म, असे त्यात त्यांनी मांडले. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास परतले, तेव्हा त्यांना राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. निबंधात जे मांडले तेच दाराशी उभे राहिले. समाजशास्त्राचा याहून कठोर पाठ मला ठाऊक नाही, आणि तो आपल्या गावातला आहे.

आता माझ्या भाषेकडे वळतो; शिक्षकाची खोड जात नाही. आपल्या घरांत पूर्वी सून सासऱ्याला मामंजी म्हणे, सासूला पुष्कळ ठिकाणी आत्याबाई. का बरे? महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह चालतो. म्हणजे मुलीच्या बाजूने पाहता आत्याच सासू होते, आणि मुलाच्या बाजूने मामाच सासरा. शेजारच्या गुजराती घरांतील बहुतेक ज्ञातींत मामा-फोईची मुले म्हणजे भावंडे. तेथे हा विवाह ऐकूनही लोक चकित होतात. एकाच पोळीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नात्याची दोन शास्त्रे नांदतात! इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात देशभरच्या नातेव्यवस्थांचे विभाग पाडून दाखविले, त्यात नात्यांच्या शब्दांना फार मोठे स्थान आहे. तसा तक्ता आपल्या अकरावीच्या मुलांना एका तासात करता येईल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, आजी लागते.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली मराठीत आले. वतनदार, बलुतेदार आणि फिरस्ते यांचे व्यवहार त्यात इतक्या बारकाईने आले आहेत की, पाठ्यपुस्तकातील ग्रामसमुदायाचा धडा त्यापुढे फिका वाटावा. ते शाळेच्या ग्रंथालयात असावे.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्गात उभे करून कोणत्याही मुलाला त्याची जात विचारू नये. घराविषयी प्रश्न विचारण्याची सवय लागली की सोळा वर्षांचे मूल ते प्रश्न घरीही विचारील, आणि तेथे त्याला दटावणीही मिळेल. अशा वेळी पालकांना शाळेत बोलावून बोलण्याची तयारी शिक्षकाने ठेवावी. ती नसेल तर व्याख्याच पाठ करून घेतलेल्या बऱ्या, असे मी नाइलाजाने म्हणेन.

अकरावीत या वर्षी हा विषय घेणारी मुले थोडी आहेत, असे बाईंनी मला सांगितले. त्यांची परवानगी मी घेतली आहे. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या वर्गात बसेन. येताना मुलांनी आपापल्या आजीकडून किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडून नात्यांचे वीस शब्द लिहून आणावेत. मराठी, गुजराती, ज्या भाषेत मिळतील त्या भाषेत. ती मुलगी, आता बाईच म्हटले पाहिजे, तीही येणार आहे.