उरलेल्या कातडीचा प्रश्न



मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस. पुढचे जे काही शिकलो ते रात्रशाळेत आणि कामगारांच्या दाव्यांचे कागद वाचता वाचता. तेव्हा युनियनचा माणूस पगार-बोनस सोडून शस्त्रक्रियेवर काय बोलणार, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. पण हा विषय माझ्याकडे कागदावरूनच आला. विमा कंपनीचे नकाराचे पत्र होते आणि कारण म्हणून एकच शब्द लिहिला होता : 'सौंदर्योपचार'.

आमचा एक सभासद भोसरीकडच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करतो. वजन दीडशे किलोच्या घरात गेलेले, मधुमेह आटोक्यात नाही, झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सांगितली. कंपनीच्या सामुदायिक विम्यातून ती झाली आणि दोन वर्षांत गडी जवळजवळ सत्तर किलोंनी उतरला. आम्ही खात्यात पेढे वाटले. (त्याला बिचाऱ्याला त्यातला एक तुकडाच खाता आला.) पुढे काही महिन्यांनी तो ऑफिसात आला, दार लावून घेतले आणि सदरा वर केला. पोटाची कातडी पडद्यासारखी मांडीपर्यंत लोंबत होती. घडीखालचा भाग लाल, ओला, चिघळलेला.

"दादा," तो म्हणाला, "उन्हाळ्यात मशीनपाशी उभं राहवत नाही. वास येतो म्हणून डबासुद्धा एकटाच खातो."

आणि मी काय म्हणालो? "अरे, व्यायाम कर, जाईल. आता काय सिनेमात जायचंय?" तो हसला नाही. सदरा खोचून निघून गेला.

माझी चूक मला नंतर कळली. कातडीत कोलॅजेन आणि इलास्टिन नावाचे तंतू असतात. पहिला बळकटी देतो, दुसरा ताणलेली कातडी परत ओढून घेतो. वर्षानुवर्षे ताण पडला की हे तंतू तुटतात, विस्कटतात. जुन्या मोज्याचे रबर सैल पडावे तसे. चरबी जाते, कातडी उरते. व्यायामाने स्नायू वाढतो, पण अशी कातडी काही आटत नाही. घडीत घाम साचतो, कातडीवर कातडी घासते, बुरशी धरते. मलम लावले की बरे वाटते आणि पुढच्या पाळीला पुन्हा तेच.

यावर उपाय म्हणजे ती कातडी कापून काढणे. हा काही आजचा शोध नव्हे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉक्टर हॉवर्ड केली यांनी पोटाचा असा लोंबता भाग काढल्याचा वृत्तांत १८९९ साली प्रसिद्ध केला होता. लोंबती घडी तेवढी काढणे याला पॅनिक्युलेक्टोमी म्हणतात. पोटाचे स्नायू शिवून घट्ट करणे, बेंबी नव्या जागी बसवणे ही निराळी शस्त्रक्रिया, तिचे नाव ॲब्डोमिनोप्लास्टी. या दोहोंची गल्लत विम्याच्या टेबलावर फार होते, म्हणून नावे पाठ करून ठेवा.

शस्त्रक्रिया सोपी आहे असे मात्र कुणी समजू नये. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण राहतो, तो जन्मभराचा. जखमेत पाणी साचते, टाके उसवतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. वजन निदान सहा महिने स्थिर असावे लागते. जठर लहान केलेल्या माणसाच्या अंगात प्रथिने, लोह, बी-१२ कमी पडलेले असते. ते आधी भरून काढावे लागते, नाहीतर जखम भरत नाही. विडी-तंबाखूही सोडावी लागते.

आता विमा. आपल्या विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातल्या वगळण्याच्या कलमांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात अतिस्थूल माणसाच्या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेला अटींवर वाट दिली. उंचीच्या मानाने वजन मोजणारा जो बीएमआयचा आकडा, तो चाळीस असावा, किंवा पस्तीस आणि जोडीला गंभीर आजार. प्लास्टिक सर्जरी मात्र वगळली. अपवाद अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा. आणि आणखी एक, प्रकृतीला असलेला थेट व तात्काळ धोका दूर करण्यासाठी ती आवश्यक असेल तर, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसे प्रमाणित केले तर. नकाराच्या पत्रात कलमाचा पहिला अर्धा भाग उतरवला होता, हा शेवटचा तुकडा नव्हता. तीस वर्षे करार वाचल्यावर माणूस आधी गाळलेलाच भाग शोधतो!

सगळ्याच शस्त्रक्रिया विम्याने द्याव्यात असे मी म्हणत नाही. आरशासाठी केलेल्या कामाचे पैसे सर्वांच्या हप्त्यातून का जावेत? पण आजार कुठे संपतो आणि आरसा कुठे सुरू होतो हे ठरवायचे कुणी? ब्राझीलच्या वरिष्ठ न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये याचा निकाल दिला. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरने सुचवलेली दुरुस्तीची प्लास्टिक सर्जरी हा त्याच उपचाराचा पुढचा भाग आहे, आरोग्य योजनेने तो दिलाच पाहिजे. योजनेला रास्त शंका असेल तर वैद्यकीय मंडळ बोलवावे, पण त्या डॉक्टरांची फी योजनेनेच भरावी. हे शेवटचे वाक्य मला फार आवडले.

आपल्याकडे तो निकाल लागू नाही. आम्ही आपल्याच कलमावर उभे राहिलो. त्वचेच्या डॉक्टरांची वर्षभराची टिपणे, औषधांची बिले, वजनाचा तक्ता, छायाचित्रे, शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र असे जोडून पुन्हा अर्ज केला. नाहीच ऐकले तर विमा लोकपालाकडे जायचे ठरले होते. तिथे फी नाही, वकील नाही. छायाचित्रे काढताना तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पोटापुरती मंजुरी आली. दंडाच्या कातडीला नाही. तो अर्ज त्याने पुढे नेला नाही, मीही आग्रह धरला नाही. जखमेत दोनदा पाणी साचले, सुईने काढावे लागले. तिसऱ्याच आठवड्यात सुपरवायझरचा फोन, डाय बदलायला माणूस नाही, कधी येतोस? डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलू नको म्हटले होते.

यंदाच्या मागणीपत्रकात आम्ही दोन कलमे घातली आहेत. सामुदायिक विम्यात या शस्त्रक्रियेचा नावानिशी उल्लेख हवा, आणि परतल्यावर डॉक्टर सांगेल तितके दिवस हलके काम हवे. दुसऱ्याला व्यवस्थापन तयार दिसते. पहिले वाचून समोरच्या बाजूचे एक गृहस्थ गालात हसले. मला माझेच हसणे आठवले. पुढची बैठक येत्या महिन्यात आहे, आणि आमच्या बाजूने तो सभासद स्वतः बसणार आहे.