खोली, पडवी, अंगण : खेड्यातल्या बालवाडीची जागा

(ठाणे जिल्ह्यातल्या किन्हवली येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काय शिकवावे, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ही मुले सकाळचे तीन-चार तास ज्या जागेत काढतात ती कशी असावी, हे मात्र आपण ठेकेदारावर सोडून देतो. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. बालवाडीला खोली हवी, पडवी हवी आणि अंगण हवे. ही तिन्ही मिळून मुलांचा एक वर्ग होतो. शहापूर-मुरबाडच्या हवामानात त्यातली पडवी सर्वांत मोलाची, आणि आपल्या अंदाजपत्रकातून पहिली गळते तीही पडवीच.

या विषयात आपल्याला दूर जायला नको. बालशिक्षणाच्या कार्यकर्त्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या. त्यातून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मोंटेसरी पद्धतीची साधने महाग, ती खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. वस्तीवरची मुले केंद्रात येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी वर्गच वस्तीवरच्या अंगणात नेला. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत आणि शाळा कुरणातच भरत असे. शिंपले, बिया, पाने, माती हीच शिक्षणाची साधने झाली. आधी मुलाचा दिवस कसा जातो ते पाहायचे आणि मग जागा ठरवायची, हा त्यांच्या कामाचा गाभा होता.

त्याच १९४५ साली इटलीत रेज्जो एमिलियाजवळ व्हिला चेल्ला नावाच्या खेड्यात महायुद्ध संपता संपता गावकऱ्यांनी बालशाळा बांधायला घेतली. जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून त्यांनी पैसा उभा केला. लोरिस मालागुझ्झी हा तरुण शिक्षक ते पाहायला गेला आणि तिथलाच होऊन राहिला. मुलाला भोवतालची जागाही शिकवत असते, हा त्याचा विचार पुढे जगभर गेला. बोर्डी आणि व्हिला चेल्ला यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण जागेचा विचार लोकांनी आपल्या हातात घेतला, हे दोन्हीकडे सारखे.

आता प्रत्यक्ष खोलीकडे येऊ. चार वर्षांचे मूल साधारण सव्वातीन फूट उंच असते. त्याची नजर तीन फुटांच्याही खाली. आपल्या खिडकीची खालची कड मात्र नेमाने तीन फुटांवर. म्हणजे ती खिडकी मोठ्यांची झाली. मुलाला तिच्यातून आभाळाचा तुकडा दिसला तर दिसला. हीच कड दीड फुटावर आणा, गज उभे आणि जवळजवळ बसवा. मुलाला समोरचे शेत दिसेल, बांधावरून जाणारी आजी दिसेल, पावसाचे पाणी कुठून कुठे वाहते ते दिसेल. खर्चात काही वाढ नाही. फळ्याचेही तसेच. जमिनीपासून फूटभर उंचीवर सुरू होणारा फळा मुलाचा असतो, चार फुटांवर सुरू होणारा बाईंचा.

भिंतींवर आपण हौसेने वाघ-सिंह, एबीसीडी आणि पुढाऱ्यांच्या तसबिरी छतापर्यंत रंगवतो. चित्रांना माझा विरोध नाही. पण खालचा तीन फुटांचा पट्टा मुलांना मोकळा द्या. तो गेरूने सारवा आणि हातात खडू द्या. मूल काढेल, पुसेल, पुन्हा काढेल. वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांच्या ‘विन्यास’ संस्थेने ‘बाला’ ही कल्पना देशभर पोचवली: इमारतच शिकण्याचे साधन व्हावी. दार उघडते तिथे फरशीवर कोन आखायचा, पायऱ्यांवर आकडे घालायचे. आपल्याकडे तिचे बऱ्याच ठिकाणी रंगकाम तेवढे झाले. मुलाच्या हाताला लागेल, पायाखाली येईल, तेच त्याचे साधन, हे तिचे मर्म आपण धरले पाहिजे.

खोलीत कोपरे करा. एक घरकोपरा: चूल, सूप, छोटा पाटा. एक ठोकळ्यांचा, एक पुस्तकांचा. मांडण्या दोन-अडीच फुटांच्या ठेवा. त्याने मुलाला वस्तू स्वतः घेता येते आणि जागेवर ठेवता येते. शिवाय सेविकेला मांडणीच्या वरून सगळी खोली दिसते. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपल्या अंगणवाडीत सेविका एक आणि मदतनीस एक. मदतनीस आहाराच्या कामात असते, तेव्हा एकटी बाई वीस-पंचवीस मुले सांभाळते. तिला एका जागी उभे राहून खोली, पडवी आणि अंगण तिन्ही दिसले नाही, तर ती मुलांना बाहेर सोडणारच नाही. मग दार बंद होते आणि मुले सकाळभर चटईवर बसतात. त्यात बाईचा आळस नसतो, नकाशाचा दोष असतो.

छपराबद्दलही सांगायला हवे. पत्र्यावर आषाढातला पाऊस कोसळू लागला की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. गोष्ट सांगणारी बाई ओरडून थकते. एप्रिल-मेमध्ये तोच पत्रा डोक्यावर तापतो. पत्रा बदलणे जमत नसेल तर त्याखाली हातभर जागा सोडून बांबूचे तट्टे लावा. आवाजही कमी होतो आणि तापही. बांबू आपल्या तालुक्यात आहे, तट्टे विणणारे हात आहेत.

आता पडवी. आपल्याकडे पाऊस सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मुंबईला पाणी पुरवणारे भातसा, तानसा हे तलाव इथलेच. या चार महिन्यांत अंगण चिखलाचे होते, खोली ओल्या कपड्यांनी कुबट होते. तेव्हा मुलांनी जायचे कुठे? आपल्या जुन्या घरांनी याचे उत्तर कधीच दिले आहे. पावसात भाताची कणगी, नांगर, इरली, गप्पा, बाळाचा पाळणा, सगळे पडवीत असते. बालवाडीला आठ फूट रुंद पडवी द्या. नैर्ऋत्येकडून येणारी झड चुकवायला ती पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या आणि छपराची वळचण तीन फूट पुढे काढा. पूर्वेची पडवी थंडीत कोवळे ऊन देते आणि दुपारी सावली. फरशी खडबडीत हवी. चकचकीत टाइल्स ओल्या पायांना घसरवतात.

पडवीच्या भिंतीला मुलाच्या खांद्याच्या उंचीवर खुंट्या मारा. प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र: खेकडा, पळसाचे फूल, बैलगाडी, मोहाचे पान. अक्षर न येणारे मूल आपले चित्र ओळखते, आपले दप्तर तिथे अडकवते, चपला खाली लावते. वाचनाची सुरुवात तिथे होते. वळचणीखाली दोन-तीन मडकी ठेवा. पाणी कुठल्या मडक्यात आधी भरले, कुठले उतू गेले, यावर मुले तासभर रमतात. कमी-जास्त, आधी-नंतर हे त्यांना धडा न घेता कळते.

अंगणात महागडी लोखंडी घसरगुंडी आधी नको. उन्हाळ्यात तिचा पत्रा पोळतो, पावसात ती गंजते. करंजाच्या किंवा जांभळाच्या सावलीत नदीच्या वाळूचा खड्डा करा. रात्री त्यावर झाकण, म्हणजे कुत्री-मांजरे घाण करणार नाहीत. तोल सांभाळून चालायला एक ओंडका आडवा टाका. मजबूत फांदीला टायरचा झोका बांधा. एका कोपऱ्यात गादीएवढा वाफा मुलांचा. आगोटीच्या आधी त्यांनी तो भाजावा, मृगात भात पेरावा, घरच्यांबरोबर लावणी करावी आणि दिवाळीला मूठभर लोंब्या कापाव्यात. राब, रोप, आवण हे भातशेतीचे शब्द या मुलांना आपण शिकवायचे नसतात, त्यांच्याकडून ऐकायचे असतात. लाजरे मूल त्या वाफ्याजवळ बोलू लागते.

सुरक्षेत कसूर नको. कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज अंगणात नको. त्यांच्या बिया विषारी असतात. भिंतीलगत दगड-लाकडांचा ढीग नको, तिथे विंचू-साप बसतात. गवत वेळच्या वेळी काढा. विहीर किंवा टाकी उघडी ठेवू नका. कुंपण बांबूचे किंवा मेंदीचे, फाटकाची कडी मोठ्यांच्या उंचीवर. इतके केल्यावर मुलांना झाडावर हातभर चढू द्या. गुडघा खरचटेल. मुलांना ते चालेल, आपल्यालाही चालले पाहिजे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. दिवाळी झाली की आपल्या कातकरी पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. अंगणवाडीचे हजेरीपुस्तक तिथेच राहते, मूल जाते. ‘विधायक संसद’ या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, गवती झोपड्यांत मुले शिकली. त्यावरून शिकून प्रत्येक अंगणवाडीत एक पेटी तयार ठेवता येईल: सतरंजी, खडू, गोष्टींची पुस्तके, ठोकळे, दोरी, एक ताडपत्री. चार बांबू रोवून ताडपत्री ताणली की भट्टीवर पडवी उभी राहते.

पैशाचे काय, असे तुम्ही विचाराल. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावेही आहेत. तिथे पेसा कायद्याखालचा निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो. अंगणवाडीची इमारत रोजगार हमी योजनेच्या निधीची जोड देऊन होऊ शकते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्चायचा असतो. हा खर्च कशावर झाला, हे विचारण्याचा हक्क ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येक आईला आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या ग्रामसभेच्या आधी आपापल्या अंगणवाडीत जा. गुडघे टेकून मुलाच्या उंचीवर बसा आणि तिथून खिडकी, फळा, दार पाहा. मग ग्रामसभेत उठून नकाशा मागा आणि त्यात पडवी आहे का ते तपासा. नसेल, तर ती घातल्याशिवाय ठरावावर हात वर करू नका. यंदाचा पाऊस येण्यापूर्वी किन्हवली पंचक्रोशीतल्या एका जरी अंगणवाडीला पडवी झाली, तर हे व्याख्यान ठेवल्याचे सार्थक होईल.