मळ्यातले घर आणि कॅमेऱ्याचा डोळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज विषय दिला आहे तो 'घराची राखण' हा. आपल्या आज्यांना हा विषय दिला असता, तर त्यांनी कुत्रा, काटेरी कुंपण आणि दाराची कडी यांविषयी सांगितले असते. त्या तिन्ही गोष्टी आजही हव्यातच. पण हल्ली जुन्नर तालुक्यात मळ्यामळ्यांतून चौथी गोष्ट आली आहे, ती म्हणजे कॅमेरा. तो बसवताना काय पाहावे आणि मुख्य म्हणजे त्याने काय पाहू नये, एवढेच मी सांगणार आहे.

गावठाणात राहणाऱ्या भगिनींना वाटेल, एवढे काय त्यात? गावठाणात भिंतीला भिंत असते. ओरडले की चार दारे उघडतात. मळ्यात तसे नाही. शेजारचे घर दोन वावरे पलीकडे आणि मध्ये पुरुषभर उंचीहून जास्त वाढलेला ऊस. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांचे पाणी आले, उसाने शिवार हिरवेगार झाले, आणि त्याच उसात बिबट्याने घर केले. बिबट्याची मादी पिलांना जन्म देते तीही उसातच. त्यामुळे तोडणीच्या वेळी बछडी सापडतात आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र करावे लागले. त्यातून विजेची तऱ्हा अशी की शेतीची थ्री फेज वीज अजून पुष्कळ ठिकाणी आळीपाळीने एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातला पुरुष बॅटरी घेऊन विहिरीवर, आणि घरात आपण, मुले आणि म्हातारी माणसे. अशा वेळी गोठ्यात शेरडू ओरडले तर दार उघडावे की उघडू नये, हा प्रश्न आपल्यालाच सोडवावा लागतो.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग माझ्या मते इथे आहे. कॅमेरा चोराला धरत नाही आणि बिबट्याला हाकलतही नाही. दार उघडण्याआधी बाहेर काय आहे ते तो सांगतो. बाहेर बिबट्या दिसला तर दार मुळीच उघडू नये. घरातूनच भांडी वाजवावीत, विहिरीवर गेलेल्या माणसाला फोन करून तो जिथे असेल तिथेच पंपघरात थांबायला सांगावे, आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणूस दिसला तर ११२.

चोरी म्हणाल तर मळ्यातली चोरी ही तिजोरीची क्वचितच असते. विहिरीवरची केबल कापून नेतात आणि जाळून आतले तांबे काढतात. स्टार्टर जातो, ठिबकच्या नळ्या जातात, कोंबड्या जातात. माल महाग झाला की तोही जातो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोचा भाव शंभर रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने टोमॅटोच्या वावरातच कॅमेरा लावल्याची बातमी आली होती. लोक हसले, पण आपल्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या बायका हसल्या नसतील.

आता प्रत्यक्ष बसवण्याचे. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो 'किती कॅमेरे?' असा. आपण आधी ठरवावे ते 'कोठे' हे. संध्याकाळी घराभोवती एक फेरी मारावी आणि चोर वा जनावर कोणत्या वाटेने येईल ते पाहावे. साधारणपणे ही ठिकाणे निघतात : रस्त्याकडचे फाटक, गोठा, घरामागची उसाकडची बाजू आणि विहीर. विहीर लांब असेल तर तिचा विचार निराळा करावा लागतो.

घराजवळचे कॅमेरे तारेने जोडलेले बरे. बाजारात 'थ्री प्लस वन' म्हणून वायर मिळते; तिच्यातून चित्रही येते आणि वीजही जाते. चित्र साठवणारी पेटी, तिला डीव्हीआर म्हणतात, ती पुष्कळ घरांत टीव्हीखाली मांडून ठेवतात. चोर आत शिरला तर टीव्हीबरोबर पेटीही घेऊन जाईल! ती आतल्या कोठीत, वारा लागेल अशा उंच फळीवर ठेवावी. वायर उघडी सोडू नये, पाइपातून न्यावी. उंदीर ती कुरतडतात आणि महिनाभर आपल्याला पत्ताही लागत नाही. नव्या पद्धतीचे कॅमेरे एकाच नेटवर्कच्या वायरीवर चालतात, पण ती वायर १०० मीटरपर्यंतच धड काम देते, हे लक्षात ठेवावे.

विहिरीवर वायर नेणे परवडत नाही. तिथे सिमकार्डाचा कॅमेरा आणि सौरपत्रा असे जोडकाम मिळते. घेण्यापूर्वी आपल्या फोनमध्ये त्याच कंपनीचे सिम घालून विहिरीच्या काठावर उभे राहावे आणि रेंज येते का ते पाहावे. रेंज नसेल तर कॅमेरा म्हणजे खांबावर टांगलेला डबा. सिमच्या कॅमेऱ्याला दिवसभर चित्र पाठवावयास लावले तर डेटा संपतो. म्हणून त्याने चित्र आतल्या कार्डावर ठेवावे आणि हालचाल झाली तरच फोनवर कळवावे, अशी व्यवस्था करून घ्यावी. कार्ड किती दिवस पुरते याचा हिशोब स्वयंपाकघरातल्या डब्यासारखा आहे. दिवसाला सुमारे १० जीबी भरत असेल तर १२८ जीबीच्या कार्डात बारा दिवस मावतात. तेराव्या दिवशी पहिल्या दिवसाचे चित्र पुसले जाऊन त्याजागी नवे येते.

वीज जाण्याचे तर विचारूच नका. कॅमेरे इन्व्हर्टरवर घेतात पण इंटरनेटचा राउटर मात्र साध्या बोर्डावर राहतो. मग वीज गेली की कॅमेरा जागा आणि राउटर झोपलेला. फोनवर काहीच येत नाही. चोर आणि काळोख यांची जोडी जुनी आहे, तेव्हा राउटरही इन्व्हर्टरवरच हवा.

उंचीविषयी कारागिराशी माझा थोडा वाद झाला होता. त्याचे म्हणणे, जितका उंच तितका सुरक्षित. पण फार उंच लावला तर येणाऱ्याची टोपीच दिसते, तोंड दिसत नाही. फाटकाचा कॅमेरा आठ ते दहा फुटांवर असावा. उगवतीला किंवा मावळतीला तोंड करून लावू नये; सकाळ-संध्याकाळ, म्हणजे नेमक्या वर्दळीच्या वेळी, चित्र पांढरे फटक होते. वळचणीखाली लावला तर पाऊस लागत नाही, पण पांढऱ्या भिंतीला अगदी चिकटून नसावा. रात्री कॅमेरा आपल्याला न दिसणारा प्रकाश सोडतो. तो जवळच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि पलीकडचे सारे काळे दिसते. त्याच प्रकाशाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि काचेसमोर जाळे विणतो. रात्री फोन सारखा वाजतो, आणि पाहावे तर जाळे हलत असते. आठवड्यातून एकदा काठीला मऊ फडके बांधून जाळे काढावे. पावसाळ्यात तर दोनदा.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. फोन उगाच वाजू नये म्हणून कॅमेऱ्यात 'फक्त माणूस दिसला तरच कळव' अशी सोय असते. फाटकावर ती ठीक आहे. गोठ्याच्या कॅमेऱ्याला ती लावली तर बिबट्या येऊन शेरडू नेईल आणि फोन गप्प राहील. गोठ्याकडे कोणतीही हालचाल कळली पाहिजे. कुत्रा की बिबट्या हे रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात पटकन ओळखत नाही. अंगावरचे ठिपके दिसतीलच असे नाही, तेव्हा लांब, जड शेपटी पाहावी.

आता ज्यासाठी मी खरे म्हणजे उभी राहिले ते सांगते. आमच्या घरी चौथा कॅमेरा अंगणावर लागला. आमचे धाकटे भाऊजी चाकणला कारखान्यात असतात. कॅमेऱ्यांचा निम्मा खर्च त्यांनी उचलला, त्यांच्याही फोनवर सारे दिसू लागले. त्यांचा हेतू चांगलाच होता. आईची काळजी त्यांना कोणापेक्षा कमी नाही. पण पंधरा दिवसांत फोन येऊ लागले. "वहिनी, दुपारी ते दोघे कोण आले होते?" ते बोअरची मोटर काढायला आलेले. मग, "वहिनी, सूनबाई एवढा वेळ फोनवर कोणाशी बोलत होती?" ती बिचारी आपल्या आईशी बोलत होती.

कोणी काही बोलले नाही, पण घर बदलले. सूनबाई न्हाऊन केस वाळवायला गोठ्यामागे जाऊ लागली, म्हणजे जिकडे ऊस आहे तिकडेच! सासूबाई दुपारी अंगणातल्या बाजेवर पदर सैल करून पडत, त्या आत उकाड्यात पडू लागल्या. दरवर्षी कुरडयांना आमच्या अंगणात पाच-सहा घरच्या बायका जमतात, त्या त्या वर्षी दुसऱ्या मळ्यावर जमल्या. विचारले तर म्हणाल्या, "तुमच्याकडे आता वरून बघतात ना."

मी यांच्याजवळ विषय काढला. हे म्हणाले, "त्यात काय एवढे? घरचीच माणसे पाहतात." मी म्हटले, "घरचीच पाहतात म्हणूनच बोलते. परक्याने पाहिले असते तर तुम्हीच काठी घेऊन गेला असता." मग भाऊजी सुटीवर आले तेव्हा त्यांना चहा दिला आणि अंगणात उभे करून विचारले, "भाऊजी, चोर इथे आभाळातून उतरणार आहे का? तो येईल तो फाटकातून, नाहीतर उसातून. मग डोळा तिकडे नको का?" ते थोडे रुसले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच शिडी लावून त्यांनी कॅमेरा बाहेर, फाटकाच्या वाटेकडे फिरवला. न्हाणीघराचे दार कोपऱ्यात थोडे दिसत होते, तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकता येतो, तोही त्यांनीच शोधून टाकला. कॅमेऱ्याला कानही असतो हे तेव्हा कळले. आवाज टिपणे बंद केले. यंदा कुरडया आमच्याच अंगणात झाल्या.

भगिनींनो, हा काही आमच्याच घरचा प्रश्न नाही. एखाद्या स्त्रीला ती खासगीत असताना पाहणे वा तिचे चित्र घेणे हा गुन्हा आहे. २०१३ साली तो दंडविधानात आला, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे; पहिल्या वेळीच एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. तेव्हा आपला कॅमेरा शेजारणीच्या मोरीकडे वळलेला नाही ना, हेही एकदा जाऊन पाहावे. तिने येऊन सांगण्याची वाट पाहू नये, कारण ती सांगणार नाही.

आणि डोळा घरच्यांपुरताच राहतो असेही समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली स्त्रियांची चित्रे चोरून विकल्याचे उघडकीस आले. त्या आधी ऑक्टोबर २०१६ मध्ये जगभरातले हजारो कॅमेरे आणि राउटर भामट्यांनी एकाच वेळी ताब्यात घेतले होते, कारण त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते. म्हणून कारागीर शिडी उतरण्याआधी त्याच्यासमोर नवा पासवर्ड घालावा आणि तो घालताना त्याला पाठ करायला सांगावे. यात अपमान काही नाही. पासवर्ड मुलाचे नाव आणि जन्मसाल असा नसावा, तो साऱ्या गावाला ठाऊक असतो. किती फोनांवर चित्र दिसते याची यादी कॅमेऱ्यात असते. ती दर दिवाळीला पाहावी. आमच्या एका ओळखीच्यांकडे अशी यादी पाहिली, तर सोडून गेलेल्या गड्याचा फोन अजून तिच्यात होता.

चोरी झालीच तर चित्र त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे, नाहीतर ते पुसले जाईल. फोनवरून एकमेकांना पाठवलेली चित्रे पोलिसांना पुरत नाहीत. कोर्टासाठी मूळ पेटी आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. पेटीतले घड्याळही बरोबर असले पाहिजे. आतला छोटा सेल संपला की वीज गेल्यावर ते मागे जाते, आणि परवाची चोरी पंचवीस वर्षांपूर्वी झाल्याचे चित्रावर उमटते.

वायरी कोठून नेल्या आणि काळा चौकोन कसा टाकतात हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी मळ्यात यावे. फाटकाशी हाक मारावी, कुत्रा बांधून ठेवते.