कावळ्याचा किल्ला

मार्केट यार्डात राहणाऱ्या माणसाला हिरवं काही पाहायचं असेल तर पालेभाजीचे गाळे आहेतच. शांतता हवी असेल तर मात्र पर्वतीपलीकडे, सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जावं लागतं. जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून ते बेतलं आहे. त्या मूळ बागेसमोर, आसाही नदीपलीकडे, एक किल्ला आहे. बाग पुण्यात आली, किल्ला तिकडेच राहिला. आज त्याच्याविषयी.

उकिता हिदेइए या सरदारानं १५९७ साली तो पुरा केला. वय पंचविशीचं! त्यानं नदीच वळवून किल्ल्याच्या पाठीशी आणली. त्या बाजूला खंदकाचं काम नदीनं केलं. दगडी जोत्यावर सहा मजली लाकडी मनोरा आणि बाहेरून काळ्या फळ्या, म्हणून लोक त्याला कावळ्याचा किल्ला म्हणू लागले. हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला बगळ्याचा. आपल्याकडे वास्तूला कावळ्याचं नाव द्यायला कोण धजेल?

तीनच वर्षांनी, सेकिगाहाराच्या लढाईत हिदेइएचा पक्ष हरला. पुढे त्याला दूर समुद्रातल्या हाचिजो बेटावर धाडलं. तिथे तो १६५५ पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं जगला. किल्ला लाभला तीन वर्षं.

वळवलेली नदीही गप्प बसली नाही. पूर गावात शिरू लागले. पुढच्या इकेदा घराण्याला पुराचं पाणी बाहेरून काढून द्यायला वेगळा प्रवाह खणावा लागला. पानशेत आठवणाऱ्या पुणेकरांना पुराचं अधिक काय सांगावं? कोराकुएन बागही याच घराण्याची, १७०० साली पुरी झालेली.

२९ जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मनोरा जळाला. चंद्र पाहण्यासाठी बांधलेला एक छोटा बुरूज मात्र वाचला. आम्हा शायर मंडळींना तेवढा पुरतो! १९६६ मध्ये मनोरा पुन्हा उभा राहिला, पण काँक्रीटचा. आत लिफ्टसुद्धा आहे.

आपला शनिवारवाडाही नदीजवळचा. १७३० साली पाया घातला, १८२८ च्या आगीत महाल गेले, जोती उरली. ते पुन्हा बांधावेत असं अधूनमधून कुणी म्हणतं. मला ती उघडी जोतीच बरी वाटतात. त्यांच्यावर ज्याचा त्याला महाल रचता येतो. काँक्रीट ती मुभा ठेवत नाही. पण ओकायामात ज्यांनी ती आग डोळ्यांनी पाहिली, त्यांना एकवीस वर्षांनी नदीच्या पाण्यात तो काळा मनोरा पुन्हा दिसला. त्यांच्यापुढे मी हा वाद घालणार नाही.