पंख्यावरची पुटे

बोटीच्या प्रोपेलरला मच्छीमार पंखा म्हणतात. पंखा फिरत असतो तोवर त्यावर फारसे काही बसत नाही. बसते ते बोट खाडीत नांगरून पडलेली असताना. आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर, त्यावर शेवाळ, मग कवचधारी जीव. त्यांत सर्वांत चिवट बार्नेकल. त्याचे बारीक पिल्लू जागा हेरते, डोके टेकवते, स्वतःच्याच गोंदाने चिकटते आणि अंगाभोवती चुन्याचे घर बांधते. दिसायला शिंपल्याचा भाऊबंद, नात्याने खेकड्या-कोळंबीचा. चार्ल्स डार्विनने याच्यावर आठ वर्षे घालवली.

दुसरे पूट निर्जीव असते. मिठागरांवरून ते समजते. खाडीचे पाणी आटताना मीठ धरण्याआधीच चुना आणि जिप्सम तळाशी बसतात, म्हणजे चुना पाण्यात विरघळलेला असतोच. पंख्यापाशी पाणी आटत नाही. पण गंज टाळण्यासाठी शाफ्टवर बसवलेल्या जस्तामुळे पंख्यालगतचे पाणी अल्कधर्मी होते आणि तोच चुना धातूवर पांढरा थर धरतो.

पितळेत तर तांबे असते आणि तांबे जीव बसू देत नाही. मग पितळी पंख्यावर बार्नेकल कसे? कारागिरांना याचा अनुभव आहे, पण त्यामागचे कारण सहसा सांगितले जात नाही. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. पुढे पत्रे झिजू लागले म्हणून हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये त्यांना लोखंड आणि जस्त जोडून पाहिले. झीज थांबली आणि बुडावर जंगल माजले. तांबे झिजून पाण्यात उतरते, तेच विष. झीज थांबली की विषही थांबते. पंख्याचे गणित तेच आहे. जस्त पंखा वाचवते आणि पाहुण्यांनाही वाचवते. म्हणून जस्त काढून टाकणे हा उपाय नव्हे, खरवडणे हाच.

महाराष्ट्रात पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला लागते. बोटी वर ओढल्या जातात आणि पंख्याचे काम नारळी पौर्णिमा जवळ येईपर्यंत राहते, ही मोठी चूक. ओले असताना बार्नेकल खरवडणीच्या एका रेट्याने ‘कट’ करून सुटते, वाळल्यावर दगड. हंगाम चालू असताना सफाई करायची तर उधाणाच्या ओहोटीला बोट टेकवून दोन-तीन तास मिळतात.

खरवडणी लाकडाची किंवा जाड प्लास्टिकची हवी. पोलादी पटाशीने पात्याला ओरखडे पडतात आणि पुढच्या खेपेला जीव तिथेच आधी बसतात. कवच निघाले तरी धातूवर पांढरी गोल चकती उरते. ती राहिली तर पाते खडबडीतच राहते, डिझेल जास्त जाते. एकाच पात्यावर राहिली तर शाफ्ट थरथरतो. चकती आणि चुना सौम्य फॉस्फोरिक आम्लाने फसफसून सुटतात. हातमोजे घालून फडक्याने लावावे, लगेच गोड्या पाण्याने धुवावे. संडास धुण्याचे ॲसिड स्वस्त असले तरी पितळेतले जस्त खाते. पाते तांबूस पडून ठिसूळ होते. शेवटी बारीक पॉलिश पेपर, तोही हलक्या हाताने; पात्याची कड घासू नये.

अर्धे झिजलेले जस्त त्याच वेळी बदलावे. पंखा रंगवताना जस्तावर ब्रश फिरवू नये. रंगवलेले जस्त काम करीत नाही.