गणिताचा पाया : शंभर काड्यांची गुंतवणूक



विकासाचा विचार करताना आपण रस्ते, वीज, सिंचन यांतील गुंतवणुकीचा हिशेब मांडतो. आज मी ज्या गुंतवणुकीविषयी बोलणार आहे, तिचे भांडवल म्हणजे खराट्याच्या शंभर काड्या आणि दहा रबरबँड.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांना सर्वोच्च प्राधान्य दिले. त्यानुसार ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला ही कौशल्ये यावीत, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे ठरले. ‘असर’ २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी वजाबाकी करता आली. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के होते. सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि तीनपैकी दोन मुले अद्याप मागे आहेत, हेही त्यातून दिसते.

ही मुले नेमकी कोठे अडतात? बहुधा दशक-एककाच्या संकल्पनेपाशी. आपण ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, पण दशकस्थानी दोनच असतात. हिंदीतही हीच अडचण आहे. कन्नड व तेलुगूमध्ये मात्र वीस आधी आणि तीन नंतर येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असे पर्यायी वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात झालेल्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

येथे काड्या उपयोगी पडतात. दहा काड्या मोजून मुलाने स्वतः गठ्ठा बांधला की ‘दशक’ हा शब्द त्याच्या हातात येतो. बावन्नमधून सत्तावीस वजा करायचे आहेत असे समजा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर आहेत. दोनांतून सात जात नाहीत, म्हणून मूल एक गठ्ठा सोडते. आता चार गठ्ठे व बारा सुट्या झाल्या. त्यांतून दोन गठ्ठे व सात सुट्या काढल्या की दोन गठ्ठे व पाच सुट्या, म्हणजे पंचवीस उरतात. जी कृती फळ्यावर मंत्राप्रमाणे पाठ केली जाते, तिचे कारण येथे डोळ्यांना दिसते. दहा-दहाच्या गटांत आलटून पालटून दोन रंग ओवलेली शंभर मण्यांची माळ संख्यांचा क्रम व अंतर असेच दाखवते.

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी परिसरातील शिंपले, बिया, पाने यांनाच शैक्षणिक साधन बनवले. गरीब वस्तीतील बालवाडी त्यामुळे परवडणारी झाली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचा लाभ केवळ स्वस्तपणात नाही. महाग संच हरवेल वा मोडेल या भीतीने कपाटात राहतो. काडी मोडली तर दुसरी आणता येते. म्हणून साधन खरोखर मुलांच्या हाती जाते. परंतु साधन स्वस्त असले तरी अध्यापन स्वस्त नसते. प्रत्येक मुलाजवळ बसून ‘हा गठ्ठा का सोडलास?’ असे विचारण्यास शिक्षकाचा वेळ व प्रशिक्षण लागते. खरा खर्च तेथे आहे आणि अंदाजपत्रकात काटकसरीची कात्री तेथे लावणे चुकीचे ठरेल.

दोन पथ्ये पाळावीत. अगदी लहान मुले चिंचोके, मणी तोंडात किंवा नाकात घालतात. त्यांना मोठ्या वस्तू द्याव्यात. तसेच काड्यांवर कायमचे थांबू नये. वस्तूकडून चित्राकडे आणि चित्राकडून अंकाकडे जाणे, हा क्रम पूर्ण झाला पाहिजे.

आपल्यापैकी अनेक जण उद्या प्रशासनात जातील. शाळेला भेट द्याल तेव्हा साहित्याच्या नोंदवहीवर समाधान मानू नका. एखाद्या मुलाला बावन्नमधून सत्तावीस वजा करून दाखवण्यास सांगा आणि त्याने गठ्ठा का सोडला, हे त्यालाच विचारा. त्याच्या उत्तरावरून योजना पोहोचली की नाही, हे कळेल.